ओवीला चाल लावताना

नेवाशाला प्रवरेच्या काठी ज्ञानेश्वर मंदिर आहे आणि त्या मंदिरात एक दगडी खांब आहे. या खांबाला टेकून ज्ञानदेवांनी गीतेवरची टीका सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती उतरवून घेतली, अशी आमच्याकडची श्रद्धा. ग्रंथाच्या शेवटी शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० हे वर्ष नोंदलेले आहे. खांबाला लोक ‘पैस’ म्हणतात. दुर्गाबाई भागवतांच्या ज्या पुस्तकाला १९७१ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, त्याचे नाव याच खांबावरून आले, हे या अंकाच्या वाचकांना सांगायला नकोच. खांबावर लेखही कोरलेला आहे. पण तो ज्ञानदेवांचा नाही. करवीरेश्वराच्या देवळातल्या अखंड दिव्यासाठी तेलाचे दान दिले, एवढीच व्यवहाराची नोंद त्यात आहे. ज्या दगडाशी मराठीतला सर्वांत मोठा ग्रंथ जोडला गेला, त्या दगडावर त्या ग्रंथाचे एक अक्षर नाही. ग्रंथ राहिला तो कागदावर आणि लोकांच्या तोंडी.

या लेखाचा विषय तोंडी राहिलेला भाग आहे. त्याचे निमित्त मात्र घरगुती आहे.

माझी आई संध्याकाळी दिवा लावल्यावर ज्ञानेश्वरीच्या पाच-दहा ओव्या वाचते आणि शेवटी पसायदान म्हणते. नेवासे तालुक्यातल्या आमच्या गावात तिच्या वयाच्या बायका जशा म्हणतात तसेच: दोन-तीन सुरांत, ओवीच्या चौथ्या चरणाशी आवाज खाली सोडत. मागच्या दिवाळीत माझी सात वर्षांची मुलगी शेजारी बसली होती. शाळेत रोज पसायदान होत असल्याने तिला ते पाठ. आजीचे म्हणून झाल्यावर ती म्हणाली, “आजी, तुझी चाल चुकली.”

आई हसली. म्हणाली, “मला कुठे चाल येते बाई? मी आपली वाचते.”

मुलगी जिला ‘बरोबर’ चाल समजत होती ती लता मंगेशकरांच्या आवाजात घरोघरी पोहोचलेली, पंडित हृदयनाथ मंगेशकरांची चाल. ती इतकी रुजली आहे की पुष्कळांना ती परंपरेने आलेली वाटते. पण ती एका संगीतकाराने, एका विशिष्ट काळात, स्वतःच्या आवडीनिवडींतून बांधली आहे. त्याच्या तीस-पस्तीस वर्षे आधी दुसऱ्या एका संगीतकारापुढे ज्ञानदेवांचेच काम आले होते. ते केशवराव भोळे, ‘प्रभात’चा ‘संत ज्ञानेश्वर’ या १९४०च्या बोलपटाचे संगीतदिग्दर्शक. या दोघांच्या कानांवर कोणते संस्कार झाले, त्यांनी काय जवळ केले आणि काय दूर ठेवले, हे पाहिले तर आईच्या आणि मुलीच्या त्या छोट्या संवादाचा अर्थ उलगडतो.

आधी ओवीविषयी

चित्रपटातल्या संगीतकाराला अभंग सोपा जातो. मोठ्या अभंगाच्या चरणांत अक्षरे ठरलेली असतात, सहा-सहा-सहा-चार. दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत यमक असते आणि परतून येण्यासाठी ध्रुवपद असते. टाळ-मृदंगाच्या आवर्तनात ही रचना आपोआप बसते, कारण ती त्याच्यासाठीच घडलेली आहे.

ज्ञानेश्वरीतली ओवी तशी नाही. पहिले तीन चरण यमकाने बांधलेले आणि चौथा आखूड, यमकाबाहेरचा, एवढीच शिस्त. अक्षरांची संख्या ओवीगणिक बदलते. ध्रुवपद नाही. एका ओवीचे वाक्य पुष्कळदा पुढच्या ओवीत जाऊन पुरे होते. एका ओवीला बेतलेली चाल दुसऱ्या ओवीला कुठे तोकडी पडते, तर कुठे सैल होते. अशा सुमारे नऊ हजार ओव्या आहेत.

तरीही ओवीचे मूळ गाण्यातच आहे. बाराव्या शतकातल्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’त महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओव्या गातात असा उल्लेख आहे. जात्यावरची आणि उखळावरची ही गाणारी ओवी ज्ञानदेवांनी ग्रंथासाठी उचलली. आपण काय करतो आहोत याची त्यांना पूर्ण जाण होती. अठराव्या अध्यायात ते आपल्या ओवीविषयी म्हणतात, की गायली तर ती शोभतेच, पण गाण्यावाचूनही ती रंग दाखवते. चाल लावू पाहणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी तेव्हाच एक अट घालून ठेवली आहे. ओवीला गाणे चालते, पण गाण्यावाचून तिचे काही अडत नाही. जिचे अडत नाही तिला चाल देताना संगीतकाराने नेमके काय द्यायचे?

केशवरावांचा कान

केशवराव भोळे १८९६ साली अमरावतीत जन्मले. त्यांच्या पिढीच्या कानावर पहिला संस्कार नाट्यसंगीताचा होता. १९११ साली गोविंदराव टेंब्यांच्या चालींनी सजलेले ‘मानापमान’ आले तेव्हा ते पंधरा वर्षांचे होते. १९१६ साली ‘स्वयंवर’ आले, त्याच्या चाली भास्करबुवा बखल्यांच्या. ख्यालगायकीतल्या चिजा नाटकाच्या पदांत उतरल्या आणि ज्या माणसाने मैफलीत कधी पाय ठेवला नव्हता त्यालाही राग गुणगुणता येऊ लागले. नाट्यसंगीताचे हे ऋण मोठे आहे. पण त्याची दुसरी बाजूही होती. बालगंधर्वांच्या पदाला ‘वन्स मोअर’ वर ‘वन्स मोअर’ मिळत आणि तेवढा वेळ नाटकातली गोष्ट थांबून राही. गाणे रंगे आणि पात्र मागे पडे.

वैद्यकीच्या शिक्षणासाठी मुंबईत आलेले केशवराव डॉक्टर झाले नाहीत. ते ऐकणारे झाले. ‘एकलव्य’ आणि ‘शुद्धसारंग’ या टोपणनावांनी त्यांनी गायकांवर लिहिले. मराठीत संगीतसमीक्षा म्हणून जे काही उभे राहिले त्याच्या पायात हे लेखन आहे. ‘आजचे प्रसिद्ध गायक’, ‘संगीताचे मानकरी’, ‘अस्ताई’, ‘अंतरा’ ही पुस्तकांची नावेच पाहिली तरी या संगीतकाराची पहिली आवड कळते. दुसऱ्याचे गाणे नीट ऐकणे आणि ते का आवडले किंवा का खटकले हे शब्दांत सांगणे, ही ती आवड. पुढे ‘माझे संगीत : रचना आणि दिग्दर्शन’ लिहून त्यांनी स्वतःच्या कामालाही तीच शिस्त लावली. मराठीत इतक्या सविस्तरपणे आपल्या चालींचा हिशेब देणारे संगीतकार थोडेच.

समीक्षकाच्या या कानाने १९३३ साली एक निर्णय घेतला. ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणले. मूळ नाटक नॉर्वेच्या ब्यर्नसनचे, मराठी रूप श्री. वि. वर्तकांचे. त्याचे संगीत केशवरावांकडे होते आणि प्रमुख भूमिकांपैकी एक ज्योत्स्नाबाई भोळ्यांकडे. पदे मोजकी, आटोपशीर आणि प्रसंगाला धरून होती. त्यांत ताना-आलापांचा विस्तार नव्हता. आज भावगीत म्हटल्यावर जे आपल्या मनात येते, त्याच्या जन्मकथेत या नाटकाचे नाव घ्यावेच लागते. केशवरावांना शास्त्रोक्त गाण्याचे वावडे नव्हते. त्यावर त्यांनी आयुष्यभर प्रेमाने लिहिले. पण मैफलीतले गाणे मैफलीत ऐकावे आणि पात्राच्या तोंडी येणारे गाणे त्या पात्राचे असावे, हा भेद त्यांनी मनाशी पक्का केला होता.

पाश्चात्त्य संगीताचेही त्यांना कुतूहल होते. ‘प्रभात’मध्ये आल्यावर त्यांनी पियानो, हवाइयन गिटार आणि व्हायोलिन ही वाद्ये वापरली. आज यात कुणाला नवल वाटणार नाही. पण तेव्हा बोलपटाला अवघी दोन-तीन वर्षे झाली होती आणि ऑर्गन, सारंगी व तबला हे नाटकातले साथीदारच स्टुडिओत येऊन बसले होते.

बोलपटातली कसोटी

१९३४च्या ‘अमृतमंथन’पासून १९४४च्या ‘रामशास्त्री’पर्यंतच्या दहा वर्षांत केशवरावांनी ‘प्रभात’साठी जे काम केले, त्यातले दोन चित्रपट आपल्या विषयासाठी विशेष महत्त्वाचे आहेत.

पहिला ‘संत तुकाराम’ (१९३६). दामले-फत्तेलालांच्या या चित्रपटाचा १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला आणि मुंबईत तो वर्षाहून अधिक काळ चालला. त्यातला सालोमालो तुकोबांचे अभंग चोरतो आणि आपले म्हणून खपवतो. शब्द तेच राहतात, गाणे मात्र बदलते. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम गातो तेव्हा आपण गातो आहोत याचे त्याला भानच नसते. सालोमालो गातो ते लोकांनी आपल्याकडे पाहावे म्हणून. त्याच्या गाण्यात नखरा आहे, मुरका आहे, दाद मागणारी नजर आहे. पागनीस स्वतः रंगभूमीवर स्त्रीभूमिका करून आलेले. नाटकी गाणे त्यांना चांगले ठाऊक होते, आणि म्हणूनच ते कुठे सोडायचे हेही ठाऊक होते. केशवरावांनी ‘एकलव्य’ या नावाने लेखांतून जे सांगितले असते, ते इथे दोन पात्रांच्या गळ्यांतून सांगितले. चालीत संगीतकार पुढे आला की शब्द चोरीला जातात, असा त्याचा मथितार्थ मला दिसतो.

याच चित्रपटासाठी शांताराम आठवल्यांनी ‘आधी बीज एकले’ हे गीत लिहिले. ते तुकोबांचाच अभंग आहे असे मानून लोक ते भजनात म्हणू लागले. याचे श्रेय कवीला आहेच, पण चालीलाही आहे. चाल दिसली असती तर गीत सिनेमाचे म्हणून ओळखू आले असते.

दुसरा चित्रपट ‘कुंकू’ (१९३७). यात गाण्यांव्यतिरिक्त पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. घड्याळाची टिकटिक, घरातले आणि रस्त्यावरचे आवाज हेच त्याचे पार्श्वसंगीत. हा निर्णय दिग्दर्शक शांतारामबापूंचा. पण संगीताची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याने आपली वाद्ये गप्प ठेवायला तयार व्हावे, याला वेगळा आत्मविश्वास लागतो. त्याच चित्रपटात शांता आपटे लाँगफेलोची इंग्रजी कविता गातात. एकीकडे इतके धाडस आणि दुसरीकडे इतकी शांतता, आणि दोन्ही गोष्टी कथेला हव्या होत्या म्हणूनच आल्या.

हा कान घेऊन केशवराव १९४० साली ‘संत ज्ञानेश्वरा’पाशी आले. दिग्दर्शक पुन्हा दामले-फत्तेलाल, गीते पुन्हा आठवल्यांची. ज्ञानदेवांच्या भूमिकेत शाहू मोडक. ते आमच्या नगरचे, ख्रिस्ती घरात जन्मलेले. ज्या जिल्ह्यात ज्ञानेश्वरी सांगितली गेली त्याच जिल्ह्यातला एक ख्रिस्ती तरुण पडद्यावर ज्ञानदेव झाला आणि महाराष्ट्राने त्याला हात जोडले, ही गोष्ट मला फार आवडते. पसायदान सर्वांसाठी मागितलेले आहे. त्याच्या अर्थाला हे शोभून दिसते.

चालती भिंत पाहायला प्रेक्षक येणार हे उघड होते. ट्रिक फोटोग्राफीच्या त्या चमत्कारांपुढे संगीताने आपलाही चमत्कार दाखवायचा मोह साहजिक होता. पण चालींनी भजनाची वाट सोडली नाही. शिवाय त्या काळच्या ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत. ओवीचा ओघ त्यात बसणे कठीण. चित्रपटाने आपली गाणी मुख्यतः आठवल्यांच्या लेखणीतून घेतली. ग्रंथाला मानाने नमस्कार करून चित्रपट त्याच्या शेजारून गेला. नऊ हजार ओव्यांपुढे त्या माध्यमाचा तो प्रामाणिक निर्णय होता असे मी मानतो. पण त्यामुळे ओवीला चाल देण्याचा प्रश्न सुटला नाही. तो पुढच्या पिढीकडे गेला.

हृदयनाथांचा कान

हृदयनाथ मंगेशकर १९३७चे. मास्टर दीनानाथ १९४२च्या एप्रिलमध्ये गेले तेव्हा ते पाच वर्षांचेही नव्हते. ज्या संगीताचा त्यांच्यावर सर्वांत खोल ठसा आहे ते त्यांनी समोर बसून जवळजवळ ऐकलेलेच नाही. ते आले ध्वनिमुद्रिकांतून, घरातल्या आठवणींतून आणि मोठ्या बहिणींच्या गळ्यांतून. दीनानाथांची गायकी आक्रमक होती. स्वर अनपेक्षित ठिकाणी झेपावत, ताना वेगाने येत. हृदयनाथांच्या चाली अवघड का असतात, त्यांत स्वरांच्या अशा उड्या का असतात, याचे एक उत्तर इथे आहे. जे प्रत्यक्ष ऐकायला मिळाले नाही ते माणूस आठवत नाही, ते पुन्हा घडवत राहतो.

दुसरा संस्कार अगदी उलट्या दिशेचा. ते उस्ताद अमीर खाँसाहेबांचे शिष्य. खाँसाहेबांचा ख्याल अतिविलंबित. ते घाई करत नाहीत, दाद मागत नाहीत, एकेका स्वराभोवती शांतपणे फिरत राहतात. वडिलांची झेप आणि गुरूंचा धीर, या दोन टोकांमध्ये हृदयनाथांचे संगीत उभे आहे.

तिसरी गोष्ट शब्दांची. मीरा, गालिब, गीता, ज्ञानदेव, सावरकर, सुरेश भट, ग्रेस, आरती प्रभू ही त्यांनी हाताळलेल्या कवींची आणि ग्रंथांची यादी. चित्रपटसृष्टीतल्या संगीतकाराची ही यादी वाटतच नाही. चौथा संस्कार लोकसंगीताचा. शांता शेळक्यांनी लिहिलेली कोळीगीते घ्या, ना. धों. महानोरांचे शब्द आणि ठाकरांचे जीवन घेऊन आलेला ‘जैत रे जैत’ (१९७७) घ्या, किंवा राजस्थानच्या वाळूतला ‘लेकिन’ घ्या. ‘लेकिन’साठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. जिथली गोष्ट तिथली माती ते चालीत आणतात. पण ती माती जशीच्या तशी ठेवत नाहीत, तिच्यातून काही वेगळे घडवतात.

ज्ञानदेवांच्या रचना त्यांनी लताबाईंकडून गाऊन घेतल्या तेव्हा त्यांच्यापुढे चित्रपट नव्हता. प्रसंग नव्हता, पात्र नव्हते, दिग्दर्शक नव्हता. होती फक्त ओवी आणि एक असा आवाज, जो कोणतीही अवघड जागा सोपी करून दाखवतो. पसायदान म्हणजे अठराव्या अध्यायाच्या अखेरीकडच्या नऊ ओव्या. चरण लहानमोठे, ध्रुवपद नाही. हृदयनाथांनी लय संथ ठेवली. ओवीचा लांब चरण स्वरांनी पेलून धरला आणि आखूड चौथ्या चरणाला विसावा दिला. या संथपणात मला अमीर खाँसाहेबांची सावली दिसते. केशवरावांनी संगीतकाराला मागे ठेवले होते. हृदयनाथ पुढे आले, पण त्यांनी ओवीला घाई केली नाही. ती अट त्यांनी पाळली.

काय मिळाले, काय गेले

दोन संगीतकारांच्या आवडी अशा समोरासमोर ठेवल्या की फरक स्पष्ट होतो. केशवरावांना अशी चाल हवी होती जी ऐकणाऱ्याला जाणवू नये. हृदयनाथांना अशी चाल हवी होती जी त्या शब्दांच्या उंचीला पोहोचावी. पहिल्या आवडीचे फळ असे की सिनेमासाठी लिहिलेले गीत लोकांनी संताचे मानले. दुसऱ्या आवडीचे फळ असे की संगीतकाराची चाल लोकांनी संताचीच मानली. दोघांच्याही बाबतीत शेवटी लोकांनी कर्त्याचे नाव पुसून टाकले. आपल्याकडे चाल स्वीकारली जाते ती अशीच.

हृदयनाथांच्या चालीने पसायदान जिथे कधी पोहोचले नसते तिथे पोहोचवले. ज्यांनी ज्ञानेश्वरी उघडलेली नाही, उघडणारही नाहीत, त्यांना निदान या नऊ ओव्या मुखोद्गत आहेत. हे मिळाले, आणि ते थोडे नाही.

गेले काय? नेवाशात आणि आसपासच्या गावांत पारायणाला बसणाऱ्यांची म्हणण्याची जी रीत होती, ती आता फक्त वयस्कांकडे उरली आहे. ती रीत तेराव्या शतकातली आहे असा दावा मी करणार नाही. तोंडी आलेली गोष्ट पिढीगणिक बदलते. पण तिच्यात एक गुण होता. तिच्यावर कोणतीही ओवी म्हणता येई. पसायदान आणि तेराव्या अध्यायातली एखादी अवघड ओवी, दोन्हींसाठी एकच सूर पुरे. हृदयनाथांची चाल ज्या ओव्यांसाठी बांधली त्याच ओव्यांची आहे. ती सुंदर आहे म्हणूनच दुसऱ्या ओव्यांना ती देता येत नाही. परिणामी माझ्या मुलीला नऊ ओव्या उत्तम येतात आणि दहावी कशी म्हणायची हे माहीत नाही.

माझ्या मते खरा प्रश्न इथे आहे. तो संगीतकाराचा दोष नाही. त्याने त्याचे काम चोख केले आहे. वाचण्याचा सूर जपायचे काम आपले होते. ध्वनिमुद्रिका, कॅसेट आणि आता मोबाईल हाताशी असल्याने आपण ते सोडून दिले. ऐकणे सोपे झाले आणि म्हणणे मागे पडले. आयुष्यभर दुसऱ्यांचे गाणे ऐकून त्यावर लिहिणाऱ्या केशवरावांना हे कळले असते असे वाटते. त्यांचे ऐकणे कामाचे होते. ते ऐकून थांबत नसत, त्यातून काही उभे करत.

त्या संध्याकाळी आईने वाद घातला नाही. तिने मुलीला पसायदान तिच्या चालीत म्हणायला लावले, शेवटपर्यंत ऐकले आणि “छान म्हणतेस” म्हणाली. मग पोथीचे मधलेच एक पान उघडून तिच्यापुढे धरले. “आता ही म्हण.”

मुलगी अडखळली. तिने पहिला चरण शाळेच्या चालीत बसवून पाहिला, तो बसला नाही. मग आईने आपल्या दोन-तीन सुरांत ती ओवी म्हटली. मुलीने मागोमाग म्हटली. चौथ्या चरणाशी आवाज कसा सोडायचा हे तिला तिसऱ्या खेपेला जमले.

या दिवाळीत तिला अशा चाळीसेक ओव्या येतात. पसायदान ती अजून शाळेच्याच चालीत म्हणते, आणि आई आपल्या.